कुंचीतलं बाळ आणि मावळ्यांचा तळ

पहिल्या वर्षी थोरल्याला कडेवर घेऊन मी तळावर पोचले तेव्हा तो सात महिन्यांचा होता. आमच्या ग्रुपमधले काका राहुटीच्या मेखा ठोकत होते, ते त्याच्याकडे बघून हसले, त्याच्या गालाला हात लावला आणि मग मला म्हणाले, "पोरी, आलीस ते बरं केलंस, पण महाराजांच्या लष्करात बायकापोरं न्यायला बंदी होती, माहितेय ना तुला?"

माहीत होतं. सभासद बखरीत स्पष्ट आहे ते, लष्करात बायको नको, बटीक नको, कलावंतीण नको, आणि जो बाळगेल त्याला जबर शिक्षा. म्हणजे काका चुकीचं काही बोलत नव्हते, आणि वाईट मनाने तर अजिबातच नाही, तीस वर्षं लाठी-पट्टा फिरवलेला माणूस आहे तो. पण मला ते लागलं. बाळंतपणानंतर सात महिने घरात काढून मी पहिल्यांदा नऊवारी नेसून बाहेर पडले होते, आणि ज्या गोष्टीवर माझा लग्नाआधीपासून जीव आहे तिथेच मला कोणीतरी सांगत होतं की तुझ्या बाळाची इथे जागा नाही. त्या रात्री पोर झोपलं तरी मी जागीच, डोक्यात तेच चालू.

आधी आमचा तळ म्हणजे काय ते सांगते, नवीन वाचणाऱ्यांसाठी. दर जानेवारीत तीन दिवस आणि दोन रात्री आम्ही चाळीस-पन्नास जण हर्णैजवळ ओळखीच्या एका वाडीत उतरतो. कापडी राहुट्या, चुलीवरचं जेवण, सगळ्यांचे कपडे शक्य तितके सतराव्या शतकातले, सकाळ-संध्याकाळ मर्दानी खेळ, दुपारी मोडी वाचायला शिकवणं, रात्री पोवाडे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. किल्ल्यातच का नाही राहत असं पुष्कळ जण विचारतात, तर तो संरक्षित आहे, तिथे रात्री राहता येत नाही आणि चूल पेटवायची तर नाहीच नाही, आणि ते बरोबरच आहे. बाहेरच्या देशांत हा प्रकार खूप जुना आणि मोठा आहे, अमेरिकेत १९६६ साली बर्कलीला सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम नावाची संस्था सुरू झाली, त्यांचा पेन्सिक वॉर म्हणून पेन्सिल्व्हेनियात दर वर्षी तळ पडतो, हजारो माणसं तंबू ठोकून राहतात, युरोपातल्या मध्ययुगासारखे कपडे घालून, लेकराबाळांसकट. तिकडचे फोटो बघताना मी चिलखतांच्या आधी बाबागाड्या बघते. गाडीवर जाडंभरडं कापड टाकून ती झाकलेली असते, आत बाळ गाढ झोपलेलं.

तर त्या रात्री मला जे सुचलं ते मी सकाळी चुलीपाशी काकांना सांगितलं. म्हटलं काका, लष्करात नव्हती पोरं, मान्य. मुलुखगिरीला निघालेली फौज चार-आठ महिने पळत असते, तिथे पोर नेलं तर पोराचाही जीव जाईल आणि फौजेचाही. पण आपण इथे कुठे मुलुखगिरीला निघालोय? आपण राहुट्या ठोकून, चुली मांडून, बाजूला विहीर बघून बसलोय, ही गडाची वस्ती झाली. आणि गडावर पोरं होतीच की. संभाजीराजे १४ मे १६५७ ला पुरंदरावर जन्मले. राजाराम महाराज २४ फेब्रुवारी १६७० ला राजगडावर. खुद्द महाराज शिवनेरीवर, १९ फेब्रुवारी १६३०. संभाजीराजांना आईचं दूध पुरेना म्हणून कापूरहोळच्या धाराऊला आणलं, म्हणजे गडावर नुसती पोरं नव्हती, अंगावर पाजणाऱ्या बायका होत्या, आणि त्या सुद्धा इतिहासात नावानिशी राहिल्या. ही झाली राजघराण्याची पोरं, त्यांची नावं-तारखा लिहून ठेवली गेली, पण गडकऱ्यांची, गवळ्यांची, बाजारपेठेतल्यांची पोरं पण तिथेच कुठेतरी रांगली असतील ना. रायगडावर गेलो की आपण सगळे हिरकणी बुरुजावर उभे राहतो, ती गोष्ट म्हणजे शेवटी काय आहे, दरवाजे मिटले आणि बाळ खाली घरी राहिलं म्हणून रात्रीची कडा उतरून गेलेली एक दूध पाजणारी आई. आता ही दंतकथा असेल, पण आपल्या लोकांनी तीनशे वर्षं ती जपली, तिच्या नावाचा बुरुज ठेवला. मग जिथे आईला बाळ घरी ठेवून यावं लागेल असा तळ आपण का करायचा.

काका ऐकत राहिले, काही बोलले नाहीत. भाकरी उलटली फक्त. पण दुपारी बघते तर आमच्या राहुटीच्या बाजूने एक जास्तीची कनात लावलेली, वारा अडवायला.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की यंदाचा चौथा तळ आत्ताच झाला, थोरला साडेतीन वर्षांचा आणि धाकटी सहा महिन्यांची, दोघांना घेऊन गेले होते, आणि परत आल्यापासून किमान पाच-सहा जणींनी विचारलंय की अगं कसं जमतं, बाळ आजारी नाही का पडत, आम्हाला पण यायचंय पण घरचे नको म्हणतात. तर जमतं, पण तयारी लागते आणि तयारी एकट्या आईने करून भागत नाही, सगळ्या तळाने करावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर.

जागेपासून सुरुवात करते. कोकणात वाडीत उतरताना पहिली गोष्ट म्हणजे माडाखाली राहुटी ठोकायची नाही. सावली छान असते, फोटो छान येतात, पण नारळ पडतो, आणि नारळ नाही पडला तरी वाळकी झावळी पडते, ती काय हलकी नसते. मोठ्या माणसाच्या डोक्यात पडली तरी वाट लागते, बाळाचं तर बोलायलाच नको. आम्ही वाडीच्या कडेला जिथे माड संपतात आणि सुरूची झाडं चालू होतात तिथे उतरतो. दुसरं म्हणजे वारा. दिवसा खारं वारं समुद्राकडून येतं आणि रात्री उलटं, मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, आणि ते पहाटे दव घेऊन चांगलंच गार होतं. नवीन माणसं काय करतात, संध्याकाळी समुद्राचं वारं लागतंय म्हणून त्या बाजूला पाठ करून राहुटी लावतात आणि दार ठेवतात जमिनीकडे, मग पहाटे तीनला सगळा गारठा दारातून आत. पहिल्या वर्षी आमचं हेच झालं होतं आणि म्हणूनच ती कनात लागली. वाडीच्या आजी (त्यांचीच वाडी, ऐंशीच्या पुढे आहेत) सकाळी येऊन बोलल्याच, "अगो, पोराला असा वाऱ्याच्या तोंडाला निजवतेस होय!" आता आम्ही दार उत्तरेला ठेवतो, आणि बाळाची जागा दारापासून लांबच्या कोपऱ्यात.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मला मनापासून वाटतं की आपल्या जुन्या बायकांनी सगळा विचार करून ठेवलाय. झबलं, टोपडं, दुपटं, कुंची. वेगळं काही शिवावंच लागत नाही, जे आजीने बाळंतविड्यात दिलं तेच घालायचं, फक्त छापील कार्टून नको आणि नायलॉनची लेस नको. कुंची तर काय वस्तू आहे, डोकं, कान, मान, पाठ सगळं एकात झाकलं जातं आणि पाय मोकळे. मऊ सुती घ्यायची, जरीची कुंची बारशाच्या फोटोला ठीक पण तीन दिवस घालून बाळाच्या मानेला पुरळ येतं. आणि आईसाठी पुढे गाठ मारायची चोळी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या वर्षी मागे हुक असलेला ब्लाउज घालून गेले आणि दर दोन तासांनी राहुटीत जाऊन पदर-हुक-पदर, बाळ रडतंय, मला घाम फुटलाय. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एका ताईने स्वतःची गाठीची चोळी दिली. गाठ सोडली की झालं, पदर पुढे घेतला की कोणाला कळत पण नाही. शेकडो वर्षं बायका ती चोळी घालून शेतात, बाजारात, गडावर पोरं पाजत होत्या, तिचा आकार तसा का आहे ते मला त्या दिवशी अंगावर घालून समजलं, पुस्तकात वाचून नसतं समजलं.

डायपरचं म्हणाल तर दिवसा लंगोट, रात्री डायपर. मला माहितेय की डायपर सतराव्या शतकातला नाही, पण रात्री लंगोट ओला झाला की त्या मतलई वाऱ्यात बाळ गारठतं, आणि कोकणातल्या दमट हवेत धुतलेले लंगोट एका दिवसात वाळत नाहीत, दोन डझन नेले तरी तिसऱ्या दिवशी संपतात. वरून झबलं असलं की कोणाला दिसत नाही. वापरलेले डायपर मात्र मी घरी परत आणते, घट्ट झाकणाच्या डब्यात. वाडीत पुरायचे नाहीत, समुद्रात तर स्वप्नातही टाकायचे नाहीत, आजींच्या विहिरीपासून दहा पावलांवर आपण राहतोय ह्याचं भान पाहिजे.

खाणं. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणी सुद्धा नाही, त्यामुळे धाकटीचा यंदा काहीच प्रश्न नव्हता, मी नीट खाल्लं-प्यायले की तिचं झालं. थोरल्याला सातव्या महिन्यात पेज आणि नाचणीचं सत्त्व चालू होतं, ते चुलीवर होतं, उलट घरच्यापेक्षा छान होतं. पाणी विहिरीचं असलं तरी उकळूनच, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी हळूहळू मचूळ व्हायला लागतात म्हणून बाळाच्या पेजेपुरतं पाणी मी घरून कॅनमधून नेते. एक गोष्ट जरा नाजूक आहे पण सांगते. तळावर वडीलधारी माणसं प्रेमाने बाळाला काहीतरी चाटवायला येतात, मध, वेखंड, गुटी. पहिल्या वर्षी आजी मधाचं बोट घेऊनच आल्या होत्या. मध वर्षाच्या आत बिलकुल द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात, फार वाईट आजार आहे. पण ऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर नाही कसं म्हणायचं, तेही त्यांच्याच वाडीत बसून. मी म्हटलं आजी, डॉक्टरांनी वर्षाचा होईस्तोवर बंद केलाय, वर्षाचा झाला की पहिलं बोट तुमचंच. दुसऱ्या वर्षी त्या विसरल्या नव्हत्या, बरणी घेऊन बसल्या होत्या वाट बघत.

धूर ही माझी सगळ्यात मोठी काळजी असते. चुली मोठ्या, नारळाची सोडणं टाकली की धूर दाट होतो, मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही आणि डास जातात म्हणून मुद्दाम करतात, पण बाळाच्या छातीला तो सोसत नाही. त्यामुळे आमचा नियम आहे, चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि बाळांच्या राहुट्या वरच्या अंगाला, आणि संध्याकाळी वारं फिरतं तेव्हा परत बघायचं. डासांना धुराऐवजी मच्छरदाणी, राहुटीच्या आत बांधायची म्हणजे बाहेरून दिसतही नाही. झोपवायचं पाठीवर, सपाट, घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी-गोधडी काही नाही. झोळी मला फार आवडते, माझ्या आईच्या जुन्या नऊवारीची आहे, दिवसा बांधते, मी समोर असताना, पण रात्री झोळीत नाही ठेवत कारण मान दुमडली तर आपल्याला अंधारात कळणार नाही.

आता विंचू. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरून कोकणात कॅम्पला येणाऱ्यांना ह्याची कल्पनाच नसते. आपल्याकडे लाल विंचू आहे, दिसायला बारकासा, आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला त्याचं विष फार जड जातं, थेट हृदयावर. एके काळी कोकणात लाल विंचवाने किती लेकरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सगळं आयुष्य ह्या एका गोष्टीमागे घातलं, ब्लडप्रेशरसाठी असलेलं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं आणि मरणारी पोरं वाचायला लागली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आज मोठी झालेली माणसं त्या एका औषधावर उभी आहेत असं मला वाटतं. पण औषध वेळेत पोचायला पाहिजे. विंचू जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, सरपणात, वाळक्या झापांखाली बसतो, आणि आमच्या तळावर ह्या तिन्ही गोष्टी भरपूर. म्हणून सरपणाचा ढीग राहुट्यांपासून लांब, लाकूड उचलायचं ते मोठ्यांनी, बूट-चपला सकाळी झटकून घालायच्या, बाळाचं अंथरूण रोज उचलून झटकायचं. आणि ग्रुपमधला एक मुलगा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणतो, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, तो रात्री झोपायच्या आधी सगळ्या राहुट्यांभोवती एक फेरी मारतो. गेल्या वर्षी दोन सापडले. टॉर्च शिवकालीन नाही म्हणून कोणी हरकत घेतली नाही आणि घेऊ पण नये. चावलाच तर मंतरणं-बिंतरणं, चुना लावणं ह्यात एक मिनिट घालवायचं नाही, १०८ ला फोन आणि गाडी दापोलीकडे, हर्णैहून पंधरा-सोळा किलोमीटर आहे. एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून आणि किल्ली ठरलेल्या जागी ठेवून उभी असते. हे आम्ही पहिल्या वर्षी केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षापासून करतो.

दुसऱ्या वर्षी का ते पण सांगते, कारण त्या वर्षी थोरला हरवला होता.

एक वर्ष सात महिन्यांचा होता. मी आता अनुभवाने सांगते की सात महिन्यांचं बाळ नेणं सगळ्यात सोपं, ठेवलं तिथे राहतं, आणि दीड वर्षाचं नेणं सगळ्यात कठीण. धावतं पण ऐकत नाही, सगळं तोंडात घालतं (सागरगोटे! मोठ्या मुली खेळत बसल्या होत्या आणि ह्याच्या गालात एक होता, बोट घालून काढला), आगीला भीत नाही, पाण्याला तर नाहीच. संध्याकाळचे साडेपाच, मर्दानी खेळ चालू, ताशा वाजतोय, मी भाकऱ्या थापत होते आणि नवऱ्याला वाटलं तो माझ्याकडे आहे, मला वाटलं तो नवऱ्याकडे आहे. हे वाक्य मी नंतर खूप आयांकडून ऐकलं, सगळ्यांचं असंच होतं, दोघं असतात तेव्हाच पोर हरवतं.

मान वर करून बघितलं तर तो नाही. आणि तळावर त्या क्षणी आठ-नऊ पोरं होती, सगळ्यांना पांढरा अंगरखा आणि डोक्याला लाल फडकं, कारण आम्हीच हौसेने सगळ्यांना सारखं शिवलं होतं. माझी नजर एका पोरावर जायची, हायसं वाटायचं, आणि तो वळला की दुसऱ्याचं तोंड. असं तीन वेळा झालं. मी हाका मारत होते पण ताशात कोणाला ऐकू जाईना. त्या दिवशी अष्टमी होती. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, म्हणजे साडेपाचला पाणी पार वर आलेलं, सुरूच्या झाडांपासून पन्नास पावलांवर. मी तिकडे धावले. वाळूवर त्याचं काही नाही, पाऊल नाही काही नाही, आणि लाट येऊन जे असेल ते पुसून नेत होती. मला अजून ती लाट दिसते.

तो सापडला आजींच्या पडवीत. वाडीच्या मागच्या अंगाने वईतल्या, म्हणजे कुंपणातल्या, भोकातून गेला होता आणि आजी सुकट निवडत होत्या तिथे सुपासमोर बसला होता, एक-एक बोंबलाचा तुकडा उचलून त्यांच्या हातात देत. सात-आठ मिनिटं गेली असतील सगळी मिळून. आजींना वाटलं मीच पाठवलाय. मी त्याला उचलून घेतलं आणि तिथेच पडवीत खाली बसले, मला उभंच राहता येईना. काका माझ्या मागून धावत आले होते, हातात पट्टा तसाच, धापा टाकत. त्यांनी पट्टा बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि ते पण खाली बसले. कोणीच काही बोललं नाही.

त्या रात्री शेकोटीजवळ सगळा तळ बसला आणि आम्ही नियम ठरवले, आणि ते नियम कोणा आईने नाही, काकांनी मांडले. प्रत्येक पोरामागे प्रत्येक तासाला एक नाव, आणि पोर दुसऱ्याकडे देताना तोंडाने "दिला" आणि "घेतला" म्हणायचं, जसं पहाऱ्यावरचा माणूस बदलतो तसं. हा शब्द पण त्यांचाच, पहारा. प्रत्येक पोराचा शेला वेगळ्या रंगाचा, आणि अंगरख्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर आईबापाचा फोन नंबर. खेळाच्या रिंगणाला कमरेइतक्या उंचीवर नाही तर पोराच्या छातीइतक्या उंचीवर दोर, कारण कमरेच्या दोराखालून पोरं सरळ आत जातात, आणि दांडपट्ट्याचं पातं लवचिक, फिरवणाऱ्याला मागचं दिसत नाही. कोणी मोठ्याने शिंग फुंकलं की ताशा, लाठी, पट्टा, सगळं जागच्या जागी थांबणार, का म्हणून विचारायचं नाही. मागच्या वर्षी शिंग दोनदा वाजलं, एकदा खरंच एक मुलगी विहिरीकडे गेली म्हणून आणि एकदा उगाच, पण उगाच वाजलं म्हणून कोणी तोंड वाकडं केलं नाही.

ताशावरून आठवलं, कान. ढोल-ताशाजवळ उभं राहिलं की मोठ्यांच्या कानात दडे बसतात, बाळाचे कान त्याहून नाजूक. धाकटीला यंदा कानावर बसणारे इअरमफ घातले आणि वरून कुंची, दिसत पण नव्हते. तरी तिला ताशापासून मी लांबच ठेवलं, वाडीच्या दुसऱ्या टोकाला.

सुवर्णदुर्गावर बोटीने जातो त्या दिवशी दोन वर्षांखालची पोरं नेत नाही. तिथे नीट धक्का नाही, बोट डुलत असताना वाळूत उडी मारून उतरायचं, बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळत नाही, आणि आत झाडोऱ्यात जुन्या उघड्या विहिरी-टाकी. आम्ही आया मग किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर जाऊन बसतो, दीपगृह आहे तिथे, खाली हर्णै बंदर, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग पूर्ण दिसतो. कान्होजी आंग्र्यांचं आरमार ह्या पाण्यात होतं, १७५५ ला इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला तोफा डागून घेतला, ते सगळं मी थोरल्याला यंदा सांगत होते, साडेतीन वर्षांच्या पोराला कळेल तसं, आणि त्याने मध्येच विचारलं, "तेव्हा आतली बाळं कुठे गेली?" मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं त्या किल्ल्याबद्दल वाचतेय, तोफा किती, बुरुज किती, गलबतं किती, आणि हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. म्हणून मी म्हणते की पोरांना न्या. त्यांच्यासाठी म्हणून नाही फक्त.

एक मात्र स्पष्ट सांगते, ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला मी तान्हं बाळ नेणार नाही, कोणी कितीही हौसेने म्हटलं तरी. प्रचंड गर्दी, जूनचा उकाडा, रोपवेची रांग, आणि पाऊस कधी पण फुटेल. मी स्वतः पहिल्या बाळंतपणानंतरचा सोहळा घरी बसून बघितला, डोळे भरून आले, पण घरी बसले. पाच-सहा वर्षांचा झाला की थोरल्याला नेईन. आमचा तळ जानेवारीत असतो म्हणून जमतं, तोही पोर आजारी असेल, लस दोन दिवसांपूर्वी झाली असेल, तर ते वर्ष सोडायचं.

आणि साडेतीन वर्षांचं पोर तळावर काय करतं म्हणाल तर काम. खेळणी नेऊ नका. थोरल्याला यंदा काकांनी पाणक्याचं काम दिलं होतं, छोटी तांब्याची लोटी घेऊन खेळ संपला की रिंगणाबाहेर आलेल्या प्रत्येकाला पाणी द्यायचं. अर्धं सांडत होतं. पण प्रत्येक जण थांबून, दोन्ही हातांची ओंजळ करून, वाकून त्याच्याकडून पाणी घेत होता, आणि तो प्रत्येकाला विचारत होता, "लागलं का तुला?" रात्री झोपताना मला म्हणाला की उद्या लवकर उठव, माझा पहारा आहे.

पुढच्या जानेवारीत धाकटी दीड वर्षाची असेल, म्हणजे तेच कठीण वय. तळाची तारीख मी अशी मागितलीय की संध्याकाळी ओहोटी असेल, पौर्णिमेच्या आसपासची, पौर्णिमेला सव्वाअकराला भरती म्हणजे पाच-साडेपाचला पाणी लांब. आजींच्या मागच्या वईतलं ते भोक अजून तसंच आहे, काकांनी सांगितलंय दिवाळीनंतर एक रविवार ते येऊन करवंदीच्या काट्या घालून बुजवतील. आजी म्हणाल्या बुजवा, पण पडवीच्या बाजूने एक दार ठेवा, पोराला यायला.